गॅसरसाठी इंजिन निवडायचंय? आधी गाडी काट्यावर चढवा

विदर्भातला शंकरपट ज्याने पाहिलाय, त्याला ड्रॅग रेस समजावून सांगावी लागत नाही. सरळ धाव, शेजारी-शेजारी दोन जोड्या, घड्याळावर डोळे आणि काही सेकंदांत निकाल. अमेरिकेत बैलांच्या जागी गाड्या आणि धावेच्या जागी पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा डांबरी पट्टा. या गाड्यांमधली एक जुनी जात म्हणजे गॅसर. तीस, चाळीस, पन्नासच्या दशकातली साधी दोन दारांची कूपे किंवा सेडान, पुढे बैलगाडीसारखा सरळ आस, मागे रुंद टायर आणि नाक असं वर की बॉनेटखाली वाकून बघायची गरजच पडू नये.

गॅस म्हणजे आपला सिलिंडरमधला गॅस नव्हे. अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात, त्याचं तोंडातलं रूप गॅस. मद्यार्क किंवा नायट्रोमिथेन (थोडक्यात नायट्रो) असं खास शर्यतीचं इंधन न वापरता पंपावरच्या पेट्रोलवर पळणाऱ्या, मूळच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा वर्ग तो गॅस वर्ग. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संस्था काढली आणि हे वर्ग रुजले. १९५७ ते १९६३ या काळात संस्थेने आपल्या शर्यतींत नायट्रोवर बंदीच घातली होती. त्यामुळे पेट्रोलवाल्यांना अचानक भाव आला. साठच्या दशकात मासिकांच्या जाहिरातींतून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) बनवणारे एकमेकांना आव्हानं देत, आणि त्यांची भांडणं पट्ट्यावर विलीज कंपनीच्या जुन्या कूपे लढत.

मी ओहायोत राहतो. शेजारच्या एका आजोबांच्या शेडमध्ये सहा वर्षांपूर्वी नुसता पाना धरायला गेलो, तो अजून परतलो नाही. इकडच्या मराठी मित्रांपैकी ज्याला ही हौस लागते, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘इंजिन कुठलं टाकू?’ माझाही उलटा प्रश्न ठरलेला: ‘गाडीचं वजन किती?’ लोक चिडतात. पण गॅसरमध्ये इंजिनाचा शोध वजनकाट्यावर सुरू होतो, आणि तो का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

पायरी १: नियमाचं पुस्तक आणि साल

आज जुन्या पद्धतीच्या गॅसर शर्यती भरवणाऱ्या बऱ्याच संघटना आहेत आणि प्रत्येकीचं पुस्तक वेगळं. कुणी साठच्या दशकापलीकडचा नटही चालवून घेत नाही. कुणी म्हणतं, दिसायला जुनं असू द्या, आत काय ते तुमचं तुम्ही बघा. कुठे वजन आणि इंजिनाच्या मापावरून वर्ग पडतात, तर कुठे ठरावीक वेळेवरून. ज्या पट्ट्यावर धावायचंय त्याचं पुस्तक आणून इंजिनाचं पान दोनदा वाचा. १९६७ नंतरचा ब्लॉक (इंजिनाचं ओतीव धड) चालतो का, ॲल्युमिनियमची हेडं (सिलिंडरवरची झाकणं) चालतात का, ब्लोअर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) चालतो का, गिअर ऑटोमॅटिक चालतो का. ही चार उत्तरं कागदावर उतरवल्याशिवाय एक डॉलर खर्च करू नका.

आपल्या गाडीने कुठल्या सालाचं सोंग घ्यायचं, तेही इथेच ठरवा. १९५७ची गाडी आणि १९६६ची गाडी यांत रंगापासून इंजिनापर्यंत सगळंच वेगळं. पन्नासच्या दशकाच्या अखेरची गाडी म्हटली की ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक शोभतात. १९६६ची म्हटली तर मोठी शेवी (शेव्हरोलेचं मोठं इंजिन), ब्लोअर, उघडी इंजेक्शनची नळकांडी.

पायरी २: काटा

आमच्या शेडपासून चार मैलांवर मक्याचं मोठं गोदाम आहे. तिथल्या ट्रकच्या काट्यावर आम्ही आजोबांची १९५५ची शेव्हरोले पहिल्यांदा चढवली, तेव्हा तिच्यात इंजिनच नव्हतं. काट्यावरच्या पोराला वाटलं, भंगारात घालायला आणलीय. ट्रकच्या काट्याला दहा-वीस पौंडांची पर्वा नसते, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. पुढे चार चाकांखाली ठेवायचे चार छोटे काटे मिळतात, ते कुणाकडून तरी उसने आणा. पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन वेगवेगळं कळलं पाहिजे.

आता हिशेब. जुन्या गॅस वर्गांची मोजणी अशी: गाडीचं वजन पौंडांत घ्यायचं आणि त्याला इंजिनाच्या घन इंचांनी भागायचं. म्हणजे एका घन इंचाने किती पौंड ओढायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ८.५९ पर्यंत ए/गॅस, ८.६० ते १०.५९ बी/गॅस, १०.६० ते १२.५९ सी/गॅस आणि त्यावर डी/गॅस असा ढाचा होता. पुढे आकडे हलले आणि खालचे वर्गही वाढले, पण रीत तीच राहिली. ब्लोअरवाल्यांची पंगत वेगळी.

समजा तुमची विलीज सगळं धरून २,६०० पौंडांची आहे. त्यात ३०१ घन इंचांचं इंजिन बसवलं तर भागाकार ८.६४. तुम्ही बी/गॅसमध्ये आहात, आणि तेही अगदी खालच्या कडेला. म्हणजे त्या वर्गात तुमच्याइतकं हलकं ओझं जवळजवळ कुणाचंच नाही. आता कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही ३२७ घातलं. भागाकार ७.९५. ताकद थोडी वाढली खरी, पण तुम्ही थेट ए/गॅसमध्ये जाऊन पडलात, जिथे समोरच्याकडे तुमच्यापेक्षा शंभर घन इंच जास्त असू शकतात. सव्वीस घन इंचांची हौस केली आणि सिंहाच्या गुहेत शिरलात.

तेच १९५५च्या शेव्हरोलेचं. ३,२०० पौंड धरले तर ३०१ला १०.६३ येतात, म्हणजे सी/गॅसची खालची कड. ३२७ला ९.७९, म्हणजे बी/गॅसच्या मधोमध, ना घर का ना घाट का. वर्गाच्या खालच्या कडेला नेमकं बसणारं इंजिन हे त्या गाडीचं योग्य इंजिन. हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं. चार पौंड कमी पडत असतील तर मागच्या डिकीत शिसं ठेवता येतं, पण चार घन इंच जास्त झाले तर ते कुठेच लपवता येत नाहीत.

घन इंचांची सवय नसेल तर १ घन इंच म्हणजे साधारण १६.४ सीसी. ३०१ म्हणजे ४.९ लिटर. इकडे याला ‘लहान’ इंजिन म्हणतात.

पायरी ३: उमेदवार

*लहान शेवी.* नवख्या माणसाला माझं उत्तर नव्वद टक्के वेळा हेच असतं. १९५५ साली शेव्हरोलेने २६५ घन इंचांचं व्ही-८ काढलं आणि शर्यतीचा बाजारच फिरवला. १९५७ला ते २८३ झालं. त्याची इंधन इंजेक्शनवाली आवृत्ती २८३ अश्वशक्तीची, म्हणजे घन इंचाला एक अश्वशक्ती, आणि त्या वर्षी हीच मोठी बढाई होती. १९६२ला ३२७ आलं, १९६७ला ३५०. वजन सगळं मिळून २६० किलोच्या आसपास. त्या काळच्या बाकीच्या व्ही-८ इंजिनांपुढे हे खेळणं वाटावं इतकं हलकं.

त्याची खरी गंमत अदलाबदलीत आहे. २८३चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.८७५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३ इंच. जुने लोक बोअर आठवा भाग इंच वाढवून ४ इंच करत, की झालं ३०१. पण सगळे ब्लॉक तेवढं सोसत नाहीत. ओतकामात गाभा जरा सरकलेला असला तर सिलिंडरची एक भिंत पातळ राहते आणि रिबोअर केल्यावर तिथूनच पाणी आत येतं. म्हणून आज हुशारीचा मार्ग वेगळा: १९६२ ते १९६७ मधला ३२७चा ब्लॉक घ्या, त्याचा बोअर मुळातच ४ इंच. त्यात २८३चा क्रँक बसवा. दोन्हींचे जर्नल (क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो ते गोल भाग) लहान मापाचे, त्यामुळे क्रँक सरळ बसतो. १९६८पासून जर्नल मोठे झाले, तिथे हा जुगाड तसाच चालत नाही. शेव्हरोलेने स्वतः १९६७च्या कॅमॅरो झेड/२८ साठी याच मापाचं ३०२ काढलं होतं. स्ट्रोक आखूड असल्यामुळे हे इंजिन ७,००० आरपीएमपर्यंत आनंदाने ओरडतं. हलक्या गाडीला आणि मागच्या आसातल्या ४.८८ किंवा ५.१३ प्रमाणाच्या गिअरला असंच इंजिन हवं.

हेडं घ्यायची तर टोकावर उंटाच्या दोन वशिंडांसारखी खूण असलेली. रॉकर कव्हर काढलं की आत ओतीव आकडा दिसतो. ३७८२४६१ किंवा ३८९०४६२ दिसला तर खिशात हात घाला. कॅमसाठी शेव्हरोलेचे इंजिनीअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्या नावाचा ‘तीस-तीस’ हा जुन्या मंडळींचा लाडका. टॅपेटचं अंतर दोन्हीकडे ०.०३० इंच, म्हणून ते नाव. तो लावला की इंजिन थांबल्या जागी शिवणयंत्रासारखं खडखडतं. ही बिघाडाची खूण नव्हे, पण प्रत्येक पाहुणा ‘टॅपेट वाजतायत हो’ असं सांगून जाणारच.

*क्रायस्लरचं हेमी.* गॅसरचं स्वप्न पडतं ते याच्याच आवाजाचं. १९५१ला ३३१ घन इंच आणि १८० अश्वशक्तीपासून सुरुवात, मग ३५४ आणि १९५७-५८चं ३९२. सिलिंडरवरचा कक्ष अर्ध्या गोलासारखा, त्यात दोन्ही बाजूंनी कललेले मोठे व्हॉल्व्ह आणि मधोमध स्पार्क प्लग. मिश्रण एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, वाटेत कोपरा नाही. ब्लोअरचा दाब सोसायला याच्यासारखं इंजिन नाही. स्टोन, वुड्स आणि कुक यांची प्रसिद्ध विलीज सुरुवातीला ओल्ड्समोबिलवर पळत होती, पण पुढे तीही हेमीवर गेली. ‘बिग जॉन’ मॅझमनियन यांच्या लाल विलीजमध्येही हेमीच होतं.

आता किंमत. हेमी ३२०-३४० किलोच्या घरात जातं, आणि ते सगळं ओझं पुढच्या चाकांजवळ. प्रत्येक हेडावर दोन रॉकर शाफ्ट, प्लग कव्हरच्या मधून खाली उतरतात, त्या नळ्यांच्या बुडाशी तेल गळतं. क्रायस्लर, डिसोटो आणि डॉज या तिघांची त्या काळची हेमी एकाच कुळातली दिसतात, पण सुटे भाग एकमेकांना बसत नाहीत. ३९२चा डेक (ब्लॉकचा माथा) उंच, त्यामुळे त्यावर ३५४ची हेडं चढवली तर जुना इनटेक (मिश्रण आत नेणारा भाग) बसत नाही. १९५१ ते १९५३च्या ३३१ला तर गिअरबॉक्सकडचा घंटेसारखा भाग ब्लॉकसोबतच ओतलेला असतो. तो कापा किंवा खास अडॅप्टर घ्या, तेव्हा कुठे दुसरा गिअरबॉक्स लागतो. स्वस्तात मिळालं म्हणून उचललेलं हेमी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पैसा असेल, धीर असेल आणि हेमी आधी उघडलेला मिस्त्री ओळखीचा असेल, तरच घ्या. १९६४चं ४२६ हेमी हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे, आणि पहिल्या गाडीसाठी त्याचा विचारही नको.

*जुने थोरले.* ओल्ड्समोबिलचं ‘रॉकेट’ आणि कॅडिलॅकचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह व्ही-८ दोन्ही १९४९ची. रॉकेट ३०३पासून ३७१ आणि ३९४पर्यंत वाढलं, कॅडिलॅक ३३१ वरून ३९०पर्यंत. जड, दणकट, खालच्या वेगाला भरपूर ओढणारी. सुटे भाग मिळतात, पण शोधावे लागतात, आणि शोधणं हीच ज्यांची करमणूक आहे त्यांनीच यात पडावं. मला स्वतःला ३७१ आवडतं. बॉनेट उघडल्यावर गर्दी जमते ती अशा इंजिनापुढे, शंभराव्या शेवीपुढे नाही.

ब्युइकच्या इंजिनाला ‘नेलहेड’ म्हणतात, कारण त्याचे बारीक व्हॉल्व्ह उभ्या ठोकलेल्या खिळ्यांसारखे दिसतात. ४०१ आणि ४२५ ही त्यातली मोठी मापं. धूर बाहेर काढायला हे इंजिन कुरकुरतं, पण सुटताना जो धक्का देतं त्याला तोड नाही. टॉमी आयव्हो या शर्यतपटूने तर एकाच ड्रॅगस्टरवर (निव्वळ ड्रॅग रेससाठी बांधलेल्या गाडीवर) अशी चार इंजिनं बसवली होती. ती गाडी गॅसर नव्हती, पण माणसं काय करू शकतात याचा तो नमुना.

*फोर्डवाले.* फोर्डच्या गाडीत फोर्डचंच इंजिन हवं असा हट्ट असेल तर १९६३चं २८९ बघा. लहान शेवीच्या तोडीचं आणि त्याहूनही हलकं. अडचण एकच, आणि ती पुढच्या पायरीत येते. फोर्डचं जुनं फ्लॅटहेड इंजिन दिसायला देखणं, पण गरम धूर ब्लॉकच्या पोटातून फिरवून बाहेर काढतं, त्यामुळे तापतं आणि तडकतं. ते शर्यतीसाठी नव्हे, प्रेमासाठी घ्यावं.

*मोठी शेवी.* १९६५चं ३९६ आणि १९६६चं ४२७. ताकद स्वस्तात मिळते. पण काट्याचा हिशेब आठवा: ३,२०० पौंडांत ४२७ म्हणजे ७.४९. ए/गॅसमध्ये जाऊन तिथल्या धनदांडग्यांशी भिडायची तयारी आहे का? त्याआधीचं ३४८-४०९ मात्र हौशींसाठी सोडा. त्याचा ज्वलनकक्ष हेडात नाही तर ब्लॉकच्या तिरप्या माथ्याखाली आहे. साधं कॉम्प्रेशन बदलायचं म्हटलं तरी मिस्त्री डोकं खाजवतो.

डेटनचे ‘ओहायो जॉर्ज’ मॉन्टगोमेरी यांच्या १९३३च्या विलीजमध्ये आधी कॅडिलॅक होतं, मग ब्लोअर लावलेली लहान शेवी आली, आणि शेवटी फोर्डचं, हेडावरच कॅम असलेलं ४२७. गाडी एकच, इंजिनं तीन.

पायरी ४: ब्लोअर हवा की नको

पहिल्या गाडीला नको. इथेच थांबलात तरी चालेल, पण बॉनेटमधून वर आलेला तो चकचकीत डबा बघून कुणी थांबत नाही, म्हणून थोडं सांगतो.

६-७१ हे नाव डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनावरून आलं: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. हे इंजिन ट्रकांत, बसांत आणि दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या होड्यांतही होतं. टू-स्ट्रोक डिझेलला स्वतः हवा ओढता येत नाही, जळका धूर ढकलून बाहेर काढायलाही बाहेरून हवा लागते, म्हणून त्याला रूट्स जातीचा पंप जोडलेला. भंगारात असे पंप ढिगाने पडले आणि हॉट रॉडवाल्यांनी ते पेट्रोल इंजिनाच्या डोक्यावर ठेवले.

ब्लोअर लावला की इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरवावं लागतं. लोखंडी हेडं आणि पंपावरचं पेट्रोल धरून ब्लोअरशिवाय ९.५च्या पुढे जाऊ नये, ब्लोअरसकट ७.५ ते ८ पुरे. त्यापुढे पिस्टनला भोक पडतं आणि ते फार पटकन पडतं. ब्लोअर फिरवणारा पट्टा क्रँकच्या पुढच्या टोकाला ओढत राहतो, लहान शेवीचं ते टोक बारीक, तिथली पुली धरून ठेवणाऱ्या एका चावीवर (खाचेत बसणाऱ्या पोलादी तुकड्यावर) भरवसा ठेवता येत नाही. दुसरी चावी कापून घ्यावी लागते. पिस्टन, हेडचे स्टड, इंधन, इग्निशन, सगळं बदलतं, आणि वर्गही. तुम्ही आता ब्लोअरवाल्यांच्या पंगतीत बसलात.

एक चार-बॅरल कार्ब्युरेटर लावून पहिला हंगाम काढा. हात शिवशिवत असतील तर जुन्या पद्धतीने दोन लावा.

पायरी ५: बसतंय का?

जुन्या नियमांत इंजिन मागे सरकवायला मर्यादा होती: पुढच्या चाकांच्या मध्यरेषेपासून पुढच्या स्पार्क प्लगपर्यंत चाकांमधल्या अंतराच्या १० टक्के. १९५५च्या शेव्हरोलेला ते अंतर ११५ इंच, म्हणजे साडेअकरा इंच मुभा. फोर्डच्या छोट्या अँग्लियाला ९० इंच, म्हणजे नऊच. आजच्या पुस्तकातही अशी ओळ असेल तर टेप घेऊन मोजा. इंजिन मागे आणि वर गेलं की सुटताना वजन मागच्या टायरवर बसतं. त्या काळचे टायर इतके निसरडे होते की नाक वर करण्यामागे नखऱ्यापेक्षा गरज जास्त होती.

मग वाकून खाली बघा. गॅसरमध्ये पुढचा सरळ आस इंजिनाच्या पुढच्या भागाखालून जातो. लहान शेवीच्या तेलाच्या चेंबरचा खोल भाग मागच्या बाजूला असतो, त्यामुळे तो आसाच्या मागे निवांत बसतो. फोर्ड २८९चा खोल भाग पुढे, नेमका आसावर. वेगळं चेंबर आणि तेल ओढायची वेगळी नळी घेऊन हे सुटतं, पण आधी माहीत असलेलं बरं. उलट फोर्डचा डिस्ट्रिब्युटर पुढे असल्यामुळे इंजिन मागच्या पत्र्याला टेकवता येतं. शेवीचा मागे आहे, आणि टायमिंग बसवताना हात सोलून निघतात.

डाव्या बाजूला स्टिअरिंगचा डबा आणि धुराच्या नळ्या एकाच जागेसाठी भांडतात. म्हणून तर गॅसरच्या नळ्या मडगार्डमधून चाकामागे बाहेर निघतात.

पुठ्ठ्याचे साचे करण्यापेक्षा रिकामा, तडकलेला ब्लॉक भंगारातून आणा, त्यावर तशीच टाकाऊ हेडं चढवा आणि तो साखळीवर टांगून गाडीत उतरवून बघा.

पायरी ६: खरेदी

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीपासून आमच्याकडच्या छोट्या मैदानांपर्यंत सुट्या भागांचे बाजार भरतात. पहाटे जा, टॉर्च, चुंबक, तारेचा ब्रश, पट्टी आणि क्रँक फिरवायला लांब दांड्याचा पाना न्या.

माझी पहिली खरेदी सांगतो. एका विक्रेत्याने ३२७ म्हणून पूर्ण जोडलेलं इंजिन दाखवलं. नारिंगी रंग ताजा, क्रँक फिरत होता, वशिंडांची हेडं खरी होती. मी हेडांचेच आकडे बघून हरखलो. ब्लॉकचा ओतीव आकडा मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवर असतो, आणि तिथे रंगाचा जाड थर होता. ब्रश माझ्या पिशवीत होता. तो काढायची लाज वाटली, समोर माणूस गोड बोलत होता. घरी आणून रंग खरवडला, हेड काढलं आणि बोअर मोजला: ३.८७५ इंच. ३२७चा ४ इंच हवा. ते निघालं ३०७, १९६८ नंतरचं, घरगुती गाड्यांसाठी काढलेलं. बाहेरून सगळी एकाच आईची लेकरं. तेव्हापासून कानाला खडा: ब्लॉकवरचा आकडा स्वतः वाचल्याशिवाय पाकीट बाहेर निघत नाही.

तर क्रम असा. आधी ब्लॉकचा मागचा आकडा, मग उजव्या हेडापुढच्या सपाट जागेवर ठोकलेली अक्षरं. तिथला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला वाटला तर सावध व्हा. मग बाजूला खाली वाकून पाण्याच्या पोकळीवर थंडीत गोठून पडलेली उभी-आडवी चीर शोधा, वेल्डिंगचा वळ शोधा. प्लग काढून आत टॉर्च मारा: भिंतीवर नुसता तांबूस पापुद्रा चालेल, गंजाची खड्डे पडलेली रेघ नाही. तेलाचा डिपस्टिक ओढून चहाच्या दुधासारखा रंग दिसला तर पाणी मिसळलंय.

घरी आणल्यावर पॉलिश करायच्या आधी ब्लॉक मशीन शॉपला द्या. चुंबकाने तडे तपासून घ्या आणि ध्वनिलहरींनी भिंतींची जाडी मोजून घ्या. बोअर करायला सांगण्याआधी, नंतर नव्हे. हेडांना कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवा, कारण जुन्या पेट्रोलमधलं शिसं आता नाही.

पायरी ७: मागचं सगळं

क्लचवाली गाडी असेल तर क्लच आणि फ्लायव्हीलभोवती (इंजिनामागच्या जड चक्राभोवती) जाड पोलादी कवच हवंच, आणि फ्लायव्हीलही पोलादाचं. ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील ७,००० आरपीएमला फुटलं तर तुकडे फरशीतून चालकाच्या पायात येतात. यात काटकसर नाही. ऑटोमॅटिक चालत असेल तर टर्बो ४०० हा गिअरबॉक्स सोपा. मागचा आस जुन्या पद्धतीचा हवा तर १९५७ ते १९६४च्या ओल्ड्समोबिल किंवा पाँटिॲकचा.

पायरी ८: पहिल्यांदा सुरू करताना

जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटचा नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांत तरतो किंवा मरतो. कॅमला आणि टॅपेटच्या तळाला घट्ट वंगण लावा. तेल जस्त आणि फॉस्फरस जास्त असलेलंच वापरा. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून ड्रिलने तेलाचा पंप फिरवा, सोळाही रॉकरवर तेल येईपर्यंत. टायमिंग इतकं नेमकं बसवा की इंजिन पहिल्याच प्रयत्नात पेटेल. नुसतं घरघरत बसलं तर कॅमवरचं वंगण निघून जातं.

पेटलं की लगेच २,००० आरपीएमच्या वर न्या आणि थोडं वर-खाली करत वीस मिनिटं तिथेच ठेवा. खाली आणायचं नाही, कुणी कितीही हातवारे केले तरी. एक जण तेलाच्या दाबावर, एक पाण्याच्या तापमानावर, एक हातात अग्निशामक घेऊन. आजोबांच्या शेडमध्ये तिसरं काम माझं असतं. पाणी गळलं किंवा तेलाचा दाब पडला तरच इंजिन बंद करायचं, आणि गळती दुरुस्त करून उरलेली मिनिटं पूर्ण करायची. मग सगळ्या व्हॉल्व्हचं अंतर पुन्हा मोजा.

तेल गरम असतानाच काढा. फिल्टर कापा, त्यातली कागदाची घडी पिळून कोरडी करा आणि दारात उन्हात धरून पसरा. राखाडी धूळ असेल तर ठीक. सुईच्या टोकाएवढे चमकणारे कण असतील, तर इंजिन उतरवायची साखळी अजून वर टांगलेलीच आहे ना, ते बघा.